टिळकांच्या मंडालेला जावं की नाही?

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण घरात सुटेना म्हणून इथं मांडते.

आम्ही सहा जणी एकाच शाळेतून निवृत्त झालो. दोघी पाचोऱ्याच्या, एक चाळीसगावची, बाकी जळगाव-अमळनेर. तीन वर्षं भिशी लावून पैसे साठवले ते ब्रह्मदेशाच्या (म्यानमारच्या) सहलीसाठी: रंगून, मंडाले, बगान. आठ दिवस. ओळखीतले लोक दुबई-सिंगापूर करतात आणि आमचा जीव मंडालेवर अडकला, त्याला कारण आहे. तीस वर्षं दर १ ऑगस्टला मी मुलांपुढे उभी राहून टिळकांच्या त्या तुरुंगाबद्दल बोलले. १९०८ ते १९१४. मधुमेह जडलेला माणूस, बायको इकडे १९१२ मध्ये गेली आणि हा तिकडे. लिहायला शाई नाही, फक्त पेन्सिल. तिनंच गीतारहस्य लिहिलं. बोलताना दर वर्षी वाटायचं, न पाहिलेल्या खोलीबद्दल किती बोलायचं! आपल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते शब्द उतरवून घेतले. त्यामुळे गीता आणि तुरुंग हे नातं खानदेशातल्या शिक्षकाला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि इतिहासाचा योग पाहा, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेला आणि मंडालेचा थिबा राजा रत्नागिरीला. दोघांनाही हद्दपार करणारं सरकार एकच.

दुसरा हप्ता भरायच्या आदल्या रात्री लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, टिळक ज्या किल्ल्यात होते त्याचा बराच भाग आज सैन्याकडे आहे. तू कैद्याला नमस्कार करायला जाणार आणि पैसे जेलरच्या हातावर ठेवून येणार."

मी रात्रभर जागी होते. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथं सैन्यानं निवडून आलेलं सरकार पाडलं, हे पेपरात वाचलं होतं. त्या सरकारच्या नेत्या आंग सान सू ची यांना मिळून तेहतीस वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती सत्तावीसवर आणली, हेही ऐकून होते. जुलै २०२२ मध्ये चौघांना फाशी दिली, त्यात एक माजी खासदार होता. वीस हजारांवर माणसं राजकीय कारणासाठी आत आहेत. हे सगळं माहीत असूनही मी ते आपल्या सहलीशी कधी जोडलं नव्हतं, याची जास्त टोचणी लागली आहे.

जावं का? पाच मैत्रिणी माझ्या उत्तराची वाट पाहताहेत.

कांदेबाग

ताई, जा. मी चोपड्याकडचा केळी उत्पादक. माझ्या मालातला काही व्यापाऱ्यामार्फत इराणला जातो. २०२२ च्या सप्टेंबरात तिथं डोक्यावरच्या ओढणीवरून पकडलेली बावीस वर्षांची मुलगी पोलिसांच्या ताब्यात असताना कोसळली आणि गेली. पोरी रस्त्यावर आल्या, कित्येक मारल्या गेल्या. बातम्या मी घरच्यांसोबत बसून पाहिल्या. माझ्याही दोन मुली आहेत. पण त्या महिन्यात मी माल थांबवला नाही. थांबवला असता तर घड बागेतच पिकून गळाले असते आणि तिकडच्या सरकारला त्याचं काही वाटलं नसतं. केळी सरकार खात नाही, माणसं खातात.

तुमच्या सहलीचंही तसंच. रिक्षावाला, फुलं विकणारी बाई, चहाची टपरी, यांनी सत्ता उलथवलेली नाही. माझे वडील म्हणायचे, "राजाना राग परजावर काढू नही." बहिष्कार घालणारा घरी सुखात राहतो आणि उपाशी तिथला टपरीवाला मरतो.

गिरणामाय

मी हिशेब तपासणीच्या कामातला माणूस, त्यामुळे भावनेआधी पैशाची वाट पाहतो. कांदेबाग, तुमचं केळ्यांचं म्हणणं मला पटतं, पण माल विकणं आणि मजेसाठी जाणं यांत फरक आहे. बाग ही तुमची रोजी आहे. सहल नाही झाली तर कुणाचं ताट रिकामं राहत नाही, निदान इकडच्या बाजूला तरी.

आता तिथलं. ब्रह्मदेशात पर्यटन आणि सैन्य यांची गाठ जुनी आहे. सैन्याच्या राजवटीनं १९९६ हे पर्यटन वर्ष जाहीर केलं. परदेशी पाहुण्यांना मंडाले सुंदर दिसावं म्हणून किल्ल्याभोवतीचा रुंद खंदक साफ करायचं काम त्याआधी काढलं, आणि त्यासाठी शहरातल्या घराघरांतून माणसं वेठीला धरली. बेड्या घातलेले कैदीही त्या चिखलात उतरवले. वाघूरताई, तुम्ही ज्या पाण्याकाठी उभ्या राहून फोटो काढाल तो हाच खंदक. बगानचंही असंच. १९९० मध्ये जुन्या देवळांच्या तटाआत राहणाऱ्या गावकऱ्यांना घरं सोडायला लावून काही किलोमीटरवर नवं बगान वसवलं. पर्यटक मोकळ्या माळावरची देवळं पाहून हरखतात. तो माळ मोकळा कसा झाला हे सहसा कुणी विचारत नाही.

एके काळी विमानतळावर उतरताच ३०० डॉलर देऊन सरकारी प्रमाणपत्रं घ्यावी लागत, म्हणजे पहिला घास सरकारचा. ती सक्ती २००३ मध्ये संपली. पण २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळानं सैन्याच्या उद्योगांचा अहवाल काढला, तो वाचण्यासारखा आहे. सैन्याच्या दोन मोठ्या कंपन्या आणि त्यांच्याखाली शंभरावर धंदे: बँक, बिअर, माणिक, जेड, विमा, पर्यटनसुद्धा. त्याच सैन्यानं दोन वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, सात लाखांवर रोहिंग्यांना गावं जाळून बांगलादेशात पळवलं होतं.

तुम्ही हॉटेल निवडून घेऊ शकता. व्हिसाची फी आणि विमानतळाचे कर निवडता येत नाहीत. पैसे बदलण्याचाही प्रश्न आहे. सरकारनं २०२२ पासून डॉलरला २१०० च्यात (तिथलं चलन) असा दर ठरवून ठेवला आणि उघड्या बाजारातला दर त्याच्या दुपटीच्या आसपास गेला. सरकारी दरानं बदललेल्या प्रत्येक नोटेतला मोठा वाटा चहाच्या टपरीपर्यंत पोचतच नाही.

फर्दापूर_फाटा

मला यात आमच्या घरातलं एक सांगायचं आहे.

१९७५ साली आणीबाणी आली तेव्हा माझे थोरले काका मिसाखाली पकडले गेले. नाशिक रोडच्या तुरुंगात दीड वर्षाहून जास्त काढलं. आणि त्याच काळात माझे वडील जळगाव स्टेशनवरून अजिंठ्याला टॅक्सी मारत होते. परदेशी पाहुणे तेव्हाही यायचे. रेल्वेनं जळगावला उतरायचे, साठेक किलोमीटर लेणी, संध्याकाळी परत. काका आत, आणि काकूचं आणि तिच्या तीन पोरांचं दाणापाणी वडिलांच्या टॅक्सीवर, म्हणजे त्या गोऱ्या पाहुण्यांवर. तेव्हा कुणी बाहेरून म्हटलं असतं की भारतात लोकशाही गुंडाळली आहे, तिकडे जाऊ नका, तर आमच्या घरात चूल पेटली नसती.

मोठा झाल्यावर मी काकांना विचारलं, तुम्हाला त्या लोकांचा राग यायचा का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "येण्याचा नाही आला. पण सुटल्यावर मी जुने पेपर वाचले. त्यांच्यातले काही परत जाऊन सांगत होते की आता भारतात गाड्या वेळेवर धावतात, रस्ते स्वच्छ दिसतात, सगळं शांत आहे. त्या शांततेत आम्ही होतो. त्याचा राग आला."

वाघूरताई, जायचं असेल तर हे लक्षात ठेवून जा. परत येऊन आपल्या मैत्रिणींना, विद्यार्थ्यांना "किती शांत देश, किती हसरी माणसं" एवढंच सांगणार असाल तर न गेलेलं बरं.

मेहरूण

माझ्या आजोबांचा जुना पासपोर्ट आमच्याकडे आहे. त्यात दक्षिण आफ्रिका सोडून बाकी देशांसाठी, अशा अर्थाचा शिक्का आहे. तो शिक्का आपल्याच सरकारचा. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. १९७४ मध्ये आपण डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचलो होतो, समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि आपण खेळलोच नाही. चषक त्यांना देऊन टाकला. म्हणजे "आपण न गेल्यानं काय होतं" हा विचार आपल्या देशानं फार पूर्वी केला होता आणि उत्तर ठरवलंही होतं.

पण एक गोष्ट इथं सुटू नये. दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार घाला, ही मागणी तिथल्या काळ्या लोकांच्या चळवळीची होती. बाहेरच्यांनी परस्पर ठरवलेली नव्हती. ब्रह्मदेशातही १९९०च्या दशकात सू ची आणि त्यांचा पक्ष जगाला सांगत होता, आत्ता येऊ नका. २०१०-११ मध्ये त्यांनीच सूर बदलला: सरकारला पैसा देणारे मोठे ताफे नकोत, एकटेदुकटे, डोळे उघडे ठेवणारे प्रवासी चालतील. म्हणून मी जावं-न जावं याच्या आधी एकच विचारतो, तिथले सोसणारे काय म्हणतात?

वाघूरकाठ

मेहरूण, हाच प्रश्न मलाही पडला. पण ज्यांना विचारायचं ते आत आहेत किंवा पळालेत. उघड बोललं तर त्यांच्याच जिवावर बेततं. तिथं जाऊन आलेलं कुणी आहे का इथं?

पूर्वेची_खिडकी

मी २०१८ च्या जानेवारीत गेले होते. धुळ्याहून आम्ही दोघंच, ग्रुप नव्हता. तेव्हा देश मोकळा होतोय असं वाटायचं, आणि मी कबूल करते की पाच महिन्यांपूर्वीच रोहिंग्यांची गावं जळाली होती तरी आम्ही गेलो. रखाईन, म्हणजे रोहिंग्यांचा तो प्रांत, दूर आहे, असं स्वतःला सांगितलं. आज ते आठवलं की मान खाली जाते.

बगानला एक घोडागाडीवाला तीन दिवस आमच्याबरोबर होता. घोड्याला पाणी पाजताना तो मला खापरपणजोबांच्या गोष्टी सांगायचा. तिसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, तुमचं घर पूर्वी तटाच्या आत होतं का? त्यानं आधी मागे वळून पाहिलं, मग मान हलवली, आणि पुढे तासभर बोलला नाही. माझ्या प्रश्नानं त्याला काय मिळालं? मला एक गोष्ट मिळाली, त्याला भीती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की अशा देशात पाहुण्यानं राजकारणाचा विषय काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचं, आणि परत आल्यावर त्यांचा चेहरा, नाव, गाव कुठंही टाकायचं नाही.

सत्तापालटानंतर वर्षभर त्याचे अधूनमधून निरोप यायचे. पाहुणे बंद झाले, घोडा विकला. २०२४ च्या फेब्रुवारीत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाला, अठरा ते पस्तीसचे पुरुष, तेव्हा त्याचा थोरला मुलगा थायलंडला निघून गेला. शेवटी मी विचारलं होतं, आम्ही पुन्हा यावं का? उत्तर आलं: "तू आलीस तर माझ्या घरी जेव. पण मोठ्या बसनं येऊ नकोस." मार्च २०२५ चा मंडालेजवळचा भूकंप, तीन हजारांवर माणसं गेली, त्यानंतर त्याचा निरोप नाही.

ताई, तुम्ही सहा जणी टूरवाल्याच्या बसनं जाणार आहात. म्हणून हे सांगितलं.

भुसावळ_जंक्शन

धागा वाचून रडू आलं. माझी गोष्ट ब्रह्मदेशाची नाही, पण दुखणं हेच आहे.

आमच्याकडे थंडी सुरू झाली की तिबेटी स्वेटरवाले येतात, हे तुम्ही सगळे जाणता. त्यांतली एक जण गेली अठरा वर्षं माझ्याकडून पिण्याचं पाणी नेते. मी तिला आक्का म्हणते. ती गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत जन्मली. मराठी आपल्यासारखी बोलते, शेवभाजी तिखट लागत नाही तिला. तिचे आईवडील १९५९ नंतर डोंगर ओलांडून आले. आईचं गाव कैलासाच्या बाजूचं.

२०२५ मध्ये पाच वर्षांनी कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्या सासऱ्यांची जन्माची इच्छा होती म्हणून आम्ही अर्जाची चौकशी करायला लागलो. त्या वर्षी लिपुलेखनं पन्नासाच्या पाच तुकड्या, नाथुलानं दहा. मी आनंदानं आक्काला सांगितलं. ती घड्या घालत होती, हात थांबले. म्हणाली, "तू जाशील. मी नाही जाऊ शकत." तेवढंच. त्या डोंगराला आपण शंकराचं घर म्हणतो, जैन बांधव अष्टापद म्हणतात, आणि तिच्या आईनं लहानपणी त्याला प्रदक्षिणा घातली होती. बावन्न किलोमीटरची ती वाट मला चिनी सरकार परवान्यानं उघडून देणार, आणि जिच्या घराची ती वाट आहे तिला नाही. तिच्या बॅगेत दलाई लामांचा एक छोटा फोटो असतो. तोच तिबेटात घरात ठेवला तर माणूस पकडला जातो.

मी दोन महिने अर्ज भरला नाही. मग आक्कानंच विचारलं, का गं गेली नाहीस? मी सांगितलं तर चिडली माझ्यावर. म्हणाली, "तू नाही गेलीस म्हणून मला तिकडे सोडणार आहेत का? म्हाताऱ्याला ने. आणि येताना आमच्या माणसाच्या दुकानातून काहीतरी घे, चिनी दुकानातून नको."

सासरे मात्र त्याच हिवाळ्यात गेले. अर्ज राहिलाच. मी बरोबर वागले की चूक, मला अजून कळत नाही. पण ज्याचं दुःख आहे त्याला न विचारता मी त्याच्या वतीनं त्याग करत होते, एवढं कळलं.

सातपुडा_पायथा

भुसावळताई, मनापासून वाईट वाटलं. पण तीर्थयात्रा आणि सहल एका मापानं मोजू नका. तीर्थाला जाणारा देवाकडे जातो, सरकारकडे नाही. मंडालेसुद्धा या शिक्षिकांसाठी तीर्थच आहे.

गिरणामाय

सातपुडा, तीर्थ म्हटलं की माफी, हे मला मान्य नाही, आणि ते आपल्याच परंपरेनं अमान्य केलं आहे. १९३८ मध्ये ओडिशात डेलांगला असताना कस्तुरबा पुरीच्या जगन्नाथ मंदिरात जाऊन आल्या. दलितांना त्या देवळात प्रवेश नव्हता. गांधीजी इतके व्यथित झाले की त्यांचा रक्तदाब वाढला. जिथं सगळ्यांना दार उघडं नाही तिथं आपण भक्तीच्या नावानंही आत जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि आपल्या अमळनेरच्या गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला दहा दिवस उपोषण केलं ते याच दारासाठी. विठ्ठलाहून मोठं तीर्थ कोणतं?

कांदेबाग

मी सगळं वाचलं. बऱ्याच ठिकाणी गिरणामाय यांचं खरं आहे. तरी एक बोलतो. २०२५ च्या मे महिन्यात तुर्कस्ताननं आणि अझरबैजाननं पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हा आपल्या लोकांनी भराभर सहली रद्द केल्या, तुर्की सफरचंदं बाजारातून हटली. माझ्या मेव्हण्यानंही बाकूचं बुकिंग मोडलं, पैसे बुडवले. मला त्याचा अभिमान वाटला. पण बाकूत पत्रकार तुरुंगात आहेत ही बातमी त्याआधीही होती, तेव्हा आमच्यातल्या कुणी बुकिंग मोडलं नव्हतं. म्हणजे आमच्या भांडणासाठी आम्ही पैसे बुडवतो, दुसऱ्याच्या सोसण्यासाठी नाही. हे लिहिताना मलाच जड जातंय, कारण वर मी उलट बोललो होतो.

घोडागाडीवाल्याचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मोठ्या बसनं येऊ नकोस, पण ये, असं तो म्हणाला. तो अजून त्या वाटेवर असेल तर?

वाघूरकाठ

सगळ्यांचे आभार. काल आम्ही सहा जणी माझ्याकडे जमलो. भरीत-भाकरी झाली आणि मी हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. स्वेटरवाल्या आक्कांपाशी आल्यावर मला पुढं वाचता येईना, पाचोऱ्याच्या मैत्रिणीनं वाचलं.

टूर रद्द केली. एकमतानं नाही. चाळीसगावची मैत्रीण अजून म्हणते की आपण सत्तरीकडे चाललो, त्या देशात सुराज्य येईपर्यंत आपण राहणार नाही, मंडाले राहून जाईल. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे शब्द नव्हते, कारण तिचं खरं आहे. मंडाले राहून जाईल. पण सैन्याच्या किल्ल्यात, वेठीनं उपसलेल्या त्या खंदकाकाठी उभं राहून मला टिळकांना काय सांगता आलं असतं?

आगाऊ रकमेतली निम्मी परत मिळणार आहे. रत्नागिरीला थिबा राजाचा राजवाडा आणि त्याची समाधी पाहायला जायचं ठरलंय, डिसेंबरात. आणि धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची प्रवचनं जिथं झाली ती जागा पाहू द्या म्हणून रीतसर अर्ज लिहिला आहे. येत्या १ ऑगस्टला शाळेनं मला बोलावलंय. या वेळी मंडालेचं भाषण १९१४ वर थांबवणार नाही.

पूर्वेची खिडकी, त्या दादांचा काही निरोप आला तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल का? घोडा घ्यायला किती लागतात, हे मला विचारायचं आहे.

पूर्वेची_खिडकी

कळवते ताई. जुन्या नंबरवर आज पुन्हा लिहिलंय. एकच खूण दिसतेय, अजून पोचलेला नाही.